पोट्टे उतारा घडाघडा वाचतात, उत्तरंही लिहितात, पण समजलेलं नसतं: बिघाड शोधायचा कसा

समस्या अशी. नववी-दहावीचा वर्ग, मराठी माध्यम, इंग्रजी तृतीय भाषा. मुलगी उतारा मोठ्यानं वाचून दाखवते, फारशी अडखळत नाही. खालच्या प्रश्नांची उत्तरं वहीत उतरतात आणि त्यातली बरीचशी बरोबरही असतात. मग तुम्ही पुस्तक मिटायला लावून विचारता, "काय होतं गं त्यात?" वर्ग गप्प. फार तर मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, समजून राहिलं, पण सांगता नाही येत." दोन आठवडे कसून सराव घेतला की गुण वर जातात, घटक चाचणी झाली की पुन्हा खाली.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्यामुळे नागपुरात हे रडगाणं जुलैत सुरू होतं आणि सराव परीक्षेपर्यंत चालतं. शिक्षकांच्या खोलीत त्यावर ठरलेला तोडगा निघतो: उतारे वाढवा. रोज एक उतारा, गृहपाठाला आणखी एक. मला हा तोडगा पटत नाही, कारण उतारा देऊन उत्तरं तपासणं ही चाचणी झाली. तापमापी चारदा लावल्यानं ताप उतरत नाही. डोलोरेस डर्किन या अमेरिकी संशोधिकेनं १९७८-७९ मध्ये प्राथमिक वर्गांतले वाचनाचे तास बसून पाहिले, तेव्हा आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात एक टक्क्याहून कमी वेळ जात असल्याचं तिला आढळलं. बाकीचा बराच वेळ प्रश्न विचारण्यात आणि स्वाध्याय देण्या-तपासण्यात. आपल्याकडे कोणी घड्याळ लावून बसलं तर चित्र फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही.

आधी गुण काय लपवतात ते पाहू

हे वाचा:

"तिरमळीच्या झिरवटात तीन फणकुले गडमळत होते. त्यातला मोठा फणकुला लिंबरट असल्यानं त्याला कोणी खुरवत नसे."

प्रश्न एक: झिरवटात किती फणकुले गडमळत होते? प्रश्न दोन: मोठ्या फणकुल्याला कोणी का खुरवत नसे? प्रश्न तीन, चूक की बरोबर: फणकुले तिरमळीच्या झिरवटात होते.

तिन्ही उत्तरं तुम्हाला आली. फणकुला प्राणी आहे की भांडं, हे मात्र तुम्हाला माहीत नाही, आणि मलाही नाही. आपली मुलं इंग्रजीत हेच करतात. प्रश्नातला एखादा ठळक शब्द उचलायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते शोधायचं, ती ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवायची. ही हुशारीच आहे, तिला नावं ठेवू नका. फक्त तिला आकलन म्हणू नका.

आता बोर्डाची कृतिपत्रिका, म्हणजे इंग्रजीची प्रश्नपत्रिका, समोर ठेवा. उताऱ्यावर ए१ ते ए५ अशा पाच कृती, प्रत्येकी दोन गुण. ए१ सोपी माहिती, ए२ थोडी गुंतागुंतीची, ए३ शब्दसंग्रह, ए४ व्याकरण, ए५ स्वतःचं मत. ए१ ओळ उचलून होते. ए३ आणि ए४ पुष्कळदा उतारा न वाचताही सुटतात. ए५ साठी "इट इज व्हेरी इम्पॉर्टन्ट इन अवर लाइफ" छापाची चार वाक्यं पाठ असतात, ती झाडांवरही चालतात आणि मोबाइलवरही. म्हणजे उतारा न समजताही दहापैकी सहा-सात गुण हातात. खरी झडती ए२ घेते, आणि अपठित उताऱ्यानंतरचा पाच गुणांचा सारांश घेतो. सारांशात मुलानं मूळ उताऱ्याची पहिली, मधली आणि शेवटची ओळ जशीच्या तशी जोडून दिली असेल तर निदान तिथेच झालं.

म्हणून पहिली दुरुस्ती तुमच्या गुणांच्या वहीत करा: ए२ चे गुण वेगळ्या रकान्यात लिहा. एकूण गुणांकडे महिनाभर पाहूच नका.

दहा मिनिटांच्या तीन तपासण्या

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बसवून तपासणं जमणार नाही, मान्य. ज्यांचा ए२ चा रकाना सतत रिकामा आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. मधल्या सुट्टीत, ग्रंथालयाच्या तासाला, जमेल तसं.

पहिली: मुलानं साधारण शंभर शब्दांचा उतारा मनात वाचायचा, कागद पालथा घालायचा आणि मराठीत, हिंदीत किंवा घरच्या कोणत्याही बोलीत सांगायचं. नागपुरात हे महत्त्वाचं आहे. एकाच बाकावर घरी मराठी बोलणारा, हिंदी बोलणारा आणि छत्तीसगढी बोलणारा असे तिघे सापडतात. इंग्रजीत सांग म्हणालात की तुम्ही वाचन न तपासता बोलणं तपासता.

दुसरी: तेवढाच कठीण दुसरा उतारा तुम्ही सावकाश, अर्थपूर्ण थांबे घेत वाचून दाखवा. ऐकून सांगता आलं आणि वाचून आलं नाही, तर अडचण अक्षरांत आहे, इंग्रजी ऐकून समजतंय. दोन्ही वेळा आलं नाही तर अडचण भाषेत आहे. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेला साधा हिशेब यामागे आहे: वाचनाकलन म्हणजे अक्षर उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही वाढवा, उत्तर शून्यच.

तिसरी तपासणी सहसा कोणी करत नाही आणि माझ्या मते हीच सर्वांत उपयोगी आहे. उताऱ्याचं मराठी भाषांतर आणि ए२ सारखे प्रश्नही मराठीत द्या. मराठीतही मूल "का" ला "काय" चं उत्तर देत असेल, दोन ओळींतून निष्कर्ष काढू शकत नसेल, तर इंग्रजीच्या तासाला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. मराठीच्या सरांना भेटा आणि दोघांनी एकाच पद्धतीचे प्रश्न विचारायचं ठरवा. दोन विषय, एकच सवय.

हे सगळं करण्याआधी एक अगदी साधी गोष्ट: मुलाला फळा दिसतो का? चष्म्याची गरज कोणाच्या लक्षातच आलेली नसते असं दरवर्षी एखादं मूल निघतं. आणि जो मुलगा तोंडी सगळं चोख सांगतो पण वाचताना अक्षरांची उलथापालथ करतो, मराठीतही करतो, त्याच्या पालकांना अध्ययन अक्षमतेच्या तपासणीबद्दल सांगा. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती आहेत. दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा नववीत सांगितलेलं बरं.

अडचण अक्षरांत असेल तर

हे थोडक्यात आटोपते. इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहिलेली पुस्तकं पाहिली की अंदाज येतोच. मूल वरची देवनागरी वाचतं, खालचं इंग्रजी कधी पाहतच नाही. ते खोडायला लावू नका, फक्त नव्या उताऱ्यावर लिहू देऊ नका. थ्रू, थॉट, दो, थरो हे चार शब्द इंग्रजीत लिहून पाहा. चारही एकाच साच्यातले दिसतात, आणि "दो" वाचता आला नाही की वाक्याचा अर्थ उलटा होतो. अशा पंधरा-वीस फसव्या शब्दांची यादी भिंतीवर असू द्या.

बाकी औषध जुनंच: तोच छोटा परिच्छेद आठवड्यात तीन-चार वेळा, जोडीनं, तिरप्या रेघा मारून शब्दगटांनी वाचायचा. आणि कृपा करून रांगेनं एकेक ओळ वाचून घेणं थांबवा. सातव्या नंबरची पोरगी पहिली सहा वाक्यं ऐकत नसते, ती स्वतःची ओळ मोजून मनात घोकत असते. आपली ओळ झाली की सुटली.

अडचण वाक्याच्या सांध्यात असेल तर

आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांचा सर्वाधिक बिघाड इथे असतो, आणि सर्वांत कमी वेळ आपण इथे देतो. प्रत्येक शब्द माहीत असतो, वाक्य मात्र निसटतं. हे फळ्यावर लिहा:

"द मॅन हू सोल्ड द बुलॉक टू रमेश वेन्ट टू काटोल."

विचारा, काटोलला कोण गेलं? अर्धा वर्ग ओरडेल, "रमेश!" शब्द एकही कठीण नाही. पण "रमेश वेन्ट टू काटोल" हे चार शब्द शेजारी शेजारी आले आणि मुलानं तेवढेच उचलले. मराठीत आपण "ज्या माणसानं रमेशला बैल विकला, तो काटोलला गेला" असं म्हणतो. ज्या-तो ही जोडी वाक्याचे दोन तुकडे हातात देते. इंग्रजीत "हू" ते "रमेश" एवढा तुकडा मध्येच घुसतो आणि परत येताना "तो" सांगायला कोणी नसतं.

उपाय यांत्रिक आहे, पण चालतो. आधी क्रियापदांखाली रेघ मारायची. इथे दोन आहेत: सोल्ड, वेन्ट. मग "हू" पासून सुरू होणाऱ्या तुकड्याला चौकट करायची आणि चौकट हातानं झाकून वाक्य वाचायचं: द मॅन वेन्ट टू काटोल. मग चौकट उघडायची: कोणता मॅन? अशी रोज तीन वाक्यं, तासाच्या सुरुवातीला, पाच मिनिटं. वाक्यं पाठ्यपुस्तकातूनच घ्या, शोधत बसावं लागत नाही.

दुसरा सांधा सर्वनामांचा. "द ब्रिज ओव्हर द रिव्हर वॉज ओल्ड. इट हॅड बीन रिपेअर्ड ट्वाइस, बट धिस डिड नॉट हेल्प." इथे "इट" म्हणजे काय? बरीच मुलं "रिव्हर" म्हणतात, कारण तोच शब्द जवळ आहे. मराठीत हा घोळ होत नाही. पूल तो, नदी ती, झाड ते. लिंगावरूनच कळतं की बोलणं कोणाबद्दल चाललंय. आपल्या मुलांना लहानपणापासून हा आधार आहे, आणि इंग्रजीत पूल, नदी, झाड सगळ्यांना एकच "इट". हे कोणी त्यांना सांगितलेलंच नसतं. आणि "धिस" तर एका वस्तूसाठी नाहीच, दोनदा दुरुस्ती केली या अख्ख्या गोष्टीसाठी आहे. बाणांचा खेळ करा: प्रत्येक "इट", "दे", "धिस", "विच" पासून मागे बाण काढायचा आणि तो कुठे जातो ते लिहायचं. पाचवीच्या पोरांसारखा वाटतो, पण दहावीचेही भांडतात त्यावर. भांडू द्या. त्या भांडणात त्यांनी उतारा चारदा वाचलेला असतो.

तिसरा सांधा उलटवणाऱ्या शब्दांचा. "ही वॉज टू टायर्ड टू ईट." जेवला का? "जेवला मॅडम, थकला होता म्हणून." इंग्रजीत इथे "नॉट" दिसत नाही, म्हणून नकार कळत नाही. अनलेस, हार्डली, ऑल्दो, इन्स्टेड ऑफ, आणि "फ्यू" विरुद्ध "अ फ्यू" यांचंही असंच. यांच्या व्याख्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: मग घडलं की नाही घडलं? "अनलेस यू बुक टुडे, यू विल नॉट गेट अ सीट." आज बुक केलं तर सीट मिळण्याची आशा आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही, बस. ही तपासणी ओळ उचलून पार होत नाही.

शब्द अडत असतील तर

"संदर्भावरून अर्थ ओळखा" हा सल्ला आपण फार सैल हातानं देतो. संदर्भ समजण्यासाठी आजूबाजूचे शब्द तरी माहीत हवेत. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांवर हू आणि नेशन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासातून निघालेला अंदाज असा की कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. शंभर शब्दांत दोन अनोळखी. आपल्या नववीच्या उताऱ्यात कितीतरी मुलांना पंधरा-वीस अडतात. तिथे अंदाज बांधणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

म्हणून आठवड्यातून एक तास उतारा मुद्दाम सोपा घ्या. सहावी-सातवीची बालभारतीची इंग्रजी पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पानावर इयत्तेचा आकडा दिसू देऊ नका, एवढंच. नाहीतर "आम्हाला काऊन सहावीचं देता" असा अपमान वाटतो, आणि तो रास्त आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर कितीतरी गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत, पातळ्या लावलेल्या आहेत. तिथली गोष्ट मराठीतून आधी वाचून मग इंग्रजी वाचली तर लबाडी होत नाही, हे पालकांना सांगावं लागतं.

वर्तमानपत्र द्यायचं असेल तर सरळ पहिलं पान देऊ नका. नागपुरातून १९११ पासून निघणारा "द हितवाद" कितीतरी घरांत, दुकानांत येतो. त्यातल्या छायाचित्रांच्या ओळी आणि शहराच्या छोट्या बातम्या घ्या. मथळे शेवटी, कारण मथळ्यात अ, द गळालेले असतात आणि काल घडलेली गोष्ट वर्तमानकाळात असते. मुलं तिथे व्याकरणाची चूक शोधत बसतात. मे महिन्याचा जुना अंक असेल तर तापमानाची बातमी द्या. पंचेचाळीस अंशांबद्दल आपल्या पोट्ट्यांना कोणी शिकवायची गरज नाही.

माहितीच नसेल तर

दीपगृहावरचा उतारा होता. भाषा सोपी. पण समुद्र कधी न पाहिलेल्या मुलाला भरती, खडक, धुकं आणि दिव्याची उघडझाप यांचा एकमेकांशी संबंध कसा कळणार? त्याउलट नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवर इंग्रजीत परिच्छेद लिहून द्या. काळी आणि पिवळी मारबत, बडगे, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. महाल-इतवारीतला सगळ्यात कच्चा मुलगाही तुमच्या परिच्छेदातली चूक काढून दाखवेल. रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर दिला, तेव्हा वाचनात कच्चे पण खेळ जाणणारे विद्यार्थी हे वाचनात पक्के पण खेळ न जाणणाऱ्यांहून सरस ठरले. तेव्हा कच्चा वाचक हा शिक्का मारण्याआधी विषय बदलून पाहा. आणि अनोळखी विषय असेल तर उताऱ्याआधी पाच मिनिटं मराठीत गप्पा आणि एक चित्र पुरे. कठीण शब्दांची यादी फळ्यावर लिहिण्यात ती पाच मिनिटं घालवू नका.

भाषांतराचं काय करायचं

आपली सर्रास पद्धत अशी: शिक्षक एक इंग्रजी ओळ वाचतो, लगेच तिचं मराठी सांगतो, पुढची ओळ. मुलं मराठी ऐकतात. गोष्ट समजते, इंग्रजी कानावरून जातं. वर्षभर हे झालं की अपठित उताऱ्यासमोर मूल हात टेकतं, कारण तिथे मराठी सांगणारं कोणी नाही. यावर "वर्गात मराठी बंद" हा उलट टोकाचा उपाय मी पाहिला आहे, त्यानं वर्ग फक्त मुका होतो. मराठी ठेवा, जागा बदला. अख्खा परिच्छेद आधी मुलांनी वाचायचा, मग मराठीत सांगायचं त्यांनी. तुम्ही फक्त जिथे चुकलं ती ओळ दाखवायची.

मोठ्या वर्गात यासाठी चौघांचे गट सोपे पडतात. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, झालं. एकानं परिच्छेदावर प्रश्न विचारायचा, दुसऱ्यानं अडलेली जागा सोडवायची, तिसऱ्यानं दोन वाक्यांत सांगायचं, चौथ्यानं पुढे काय येईल ते. पुढच्या परिच्छेदाला कामं फिरतात. पॅलिन्सर आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये ही पद्धत ज्या सातवीच्या मुलांवर वापरली ती नेमकी आपल्या तक्रारीतली होती: वाचता येतं, समजत नाही. पहिल्या आठवड्यात गोंगाट होईल आणि शेजारच्या वर्गाचे सर दारात येतील. दुसऱ्या आठवड्यात गोंगाट राहतो, पण विषयावरचा असतो. प्रश्न विचारणाऱ्याला एकच अट घाला: उताऱ्यातले शब्द प्रश्नात वापरायचे नाहीत. तुम्हीही चाचणीत तेच पाळा. उताऱ्यात "रिफ्यूज्ड" असेल तर प्रश्नात "सेड नो" लिहा. ओळ उचलण्याची सवय त्यानं जेवढी मोडते तेवढी कशानंच नाही.

दिवाळीनंतर पुन्हा घसरलं तर

बहुधा घसरेल, कारण तेव्हा सराव कृतिपत्रिका सुरू होतात, उताऱ्यांची पातळी एकदम चढते आणि सोप्या उताऱ्याचा तास सगळ्यात आधी कापला जातो. तो परत लावा. मग पहिली तपासणी पुन्हा घ्या, कागद पालथा घालून सांगण्याची. या वेळी एक नवा प्रकार दिसेल: मूल मराठीत सगळं नीट सांगतं, ए२ मात्र कोरा. याचा बिघाड वाचनात नाही. त्याला समजलेलं इंग्रजी वाक्यात बसवता येत नाही, म्हणून तो जागा सोडतो. त्याला ए२ चं उत्तर आधी कच्च्या कागदावर मराठीत लिहू द्या, मग तीन-चार शब्दांचं तुटक इंग्रजी, मग वाक्य. यासाठी नवा उतारा काढू नका, मागच्या आठवड्यात वाचलेलाच चालतो.